प्रौढपणी होणारे स्वमग्नतेचे निदान

समजा, भोपाळमधील एका बँकेत अठरा वर्षे काम केलेली एक स्त्री आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन बालविकासतज्ज्ञाकडे गेली आहे. मुलगा शाळेत कोणात मिसळत नाही, ही तिची काळजी. डॉक्टर एकेक प्रश्न विचारतात. कुकरच्या शिटीने तो कान झाकून घेतो का? सदऱ्याच्या आतली शिवण त्याला टोचते का? नेहमीचा रस्ता सोडून दुसऱ्या रस्त्याने गेल्यास तो कासावीस होतो का? एखाद्या विषयाचा ध्यास घेतला की त्याला अन्य काही सुचत नाही, असे घडते का? ती उत्तरे देत जाते आणि मध्येच थबकते. आपण मुलाविषयी सांगत आहोत की स्वतःच्या बालपणाविषयी, हे क्षणभर तिचे तिलाच उमगत नाही. आजही ती दुपारचा डबा दप्तरखान्यात एकटीच खाते. शाखेतील प्रत्येक बैठकीपूर्वी, आपण काय बोलायचे ते ती वहीत लिहून पाठ करते. सहकारी तिला गर्विष्ठ समजतात आणि घरची माणसे तिला ‘जरा विचित्रच’ म्हणतात. ती स्वतः आजवर एवढेच समजत आली आहे, की आपल्याला जगात वागण्याची रीत जमली नाही.

ही स्त्री काल्पनिक आहे. परंतु तिची वाट कल्पित नाही. मुलाच्या निदानातून आईला अथवा वडिलांना स्वतःची ओळख पटावी, हा प्रौढपणीच्या निदानाचा एक नेहमीचा मार्ग आहे. दुसरा मार्ग नैराश्यातून वा अतीव थकव्यातून जातो. वर्षानुवर्षे उपचार घेऊनही मूळ कारण हाती लागत नाही आणि अखेर एखादा जाणता मनोविकारतज्ज्ञ वेगळे प्रश्न विचारतो. मार्ग कोणताही असो, त्याच्या शेवटी दोन प्रश्न उभे राहतात. आपण स्वमग्न आहोत का, हा पहिला. आणि असल्यास ते कोणाला सांगावे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर तज्ज्ञ देऊ शकतात. दुसऱ्याचे उत्तर ज्याचे त्यानेच शोधावयाचे असते. या प्रकरणात दोन्ही प्रश्नांचा क्रमाने विचार करू.

एका शब्दाचा प्रवास

‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी घडवला. तो त्यांनी छिन्नमनस्कतेच्या रुग्णांतील एका लक्षणासाठी, बाह्य जगाकडे पाठ फिरवून स्वतःत बुडून जाण्याच्या वृत्तीसाठी, योजला होता. मराठीतील ‘स्वमग्नता’ हा शब्दही त्याच अर्थच्छायेचा आहे. मात्र या शब्दाने एक गैरसमज रूढ केला आहे, हे आरंभीच सांगितले पाहिजे. स्वमग्न व्यक्ती स्वतःच्याच विचारांत रमलेली असते आणि तिला इतरांशी कर्तव्य नसते, असा हा गैरसमज आहे. वस्तुस्थिती पुष्कळदा उलट असते. तिला माणसे हवी असतात. माणसांपर्यंत पोचण्याची इतरांना सहज सापडलेली वाट मात्र तिला सापडलेली नसते.

१९२५ साली सोव्हिएत रशियातील बालमनोविकारतज्ज्ञ ग्रुन्या सुखारेवा यांनी अशा सहा मुलग्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. परंतु ते दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. १९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे लिओ कॅनर यांनी अकरा मुलांविषयीचा प्रसिद्ध लेख लिहिला. १९४४ साली व्हिएन्नातील हान्स आस्परगर यांचा प्रबंध जर्मनमध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजी जगाला त्याची खरी ओळख लॉर्ना विंग यांच्या १९८१ सालच्या लेखाने करून दिली. विंग या लंडनमधील मनोविकारतज्ज्ञ असून एका स्वमग्न मुलीच्या आईही होत्या. स्वमग्नता ही एकाच साच्याची अवस्था नसून तिचा विस्तीर्ण पट आहे, ही कल्पना रुजवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

मधल्या काळात एक क्रूर सिद्धांत प्रचलित होता. आईच्या थंड, मायाहीन वागणुकीमुळे मूल स्वमग्न होते, असे तो सांगे. हजारो मातांनी या आरोपाचे ओझे वाहिले. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका स्वमग्न मुलाचा पिता होता, त्याचा सविस्तर प्रतिवाद केला. आज हे निश्चित झाले आहे की, स्वमग्नता हा मेंदूच्या जडणघडणीतील जन्मजात भेद आहे आणि त्यात आनुवंशिकतेचा भाग मोठा आहे. ती संगोपनातील चुकीमुळे होत नाही आणि वयाबरोबर नाहीशीही होत नाही. स्वमग्न मूल मोठे होऊन स्वमग्न प्रौढ होते. ही गोष्ट इतकी सरळ असूनही वैद्यकाचे लक्ष अनेक दशके केवळ मुलांवरच खिळून राहिले.

अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत १९८० साली या अवस्थेला प्रथमच स्वतंत्र स्थान मिळाले, तेही ‘शैशवातील’ या विशेषणासह. १९९४ साली आस्परगर यांच्या नावाचा वेगळा प्रकार त्यात आला. २०१३ साली सर्व प्रकार ‘स्वमग्नता वर्णपट’ या एकाच नावाखाली आणले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या वर्गीकरणानेही हीच दिशा स्वीकारली. यावरून एक गोष्ट सहज ध्यानात येते. आज ज्यांचे वय चाळीस-पन्नास आहे, त्यांच्या बालपणी, ज्यांना बोलता येत होते आणि परीक्षेत चांगले गुण मिळत होते अशा मुलांसाठी हे नाव उपलब्धच नव्हते. त्यांना लाजाळू, हट्टी, एककल्ली, पुस्तकी किडा अशी अनेक नावे मिळाली. योग्य नाव तेवढे मिळाले नाही.

प्रौढांत ती कशी दिसते

निदानासाठी दोन प्रकारची लक्षणे एकत्र असावी लागतात. परस्पर संवादातील आणि सामाजिक देवाणघेवाणीतील अडचणी हा पहिला प्रकार होय. दुसऱ्या प्रकारात ठरावीकपणाची ओढ, त्याच त्या हालचाली, विशिष्ट विषयांतील तीव्र रस आणि इंद्रियसंवेदनांचे असामान्य अनुभव यांचा समावेश होतो. ही लक्षणे बालपणापासून असली पाहिजेत. मात्र जगाच्या अपेक्षा वाढेपर्यंत ती झाकलेली राहू शकतात, हेही २०१३ च्या निकषांनी मान्य केले आहे.

प्रौढाच्या दैनंदिन जीवनात याचे स्वरूप पुष्कळदा सूक्ष्म असते. ‘केव्हाही या घरी’ हे शिष्टाचाराचे वाक्य तो खरे निमंत्रण समजतो. वरिष्ठांनी ‘बघा, जमले तर’ असे म्हटले, तर तो आदेश आहे हे त्याला कळत नाही. आणि मग कामचुकारपणाचा ठपका येतो. लग्नसमारंभातील ध्वनिवर्धक, अत्तरे, विजेचा झगमगाट आणि शंभर ओळखीच्या माणसांशी दोन-दोन वाक्ये बोलण्याची सक्ती यांनी तो इतका शिणतो, की पुढचे दोन दिवस अंथरुणातून उठवत नाही. याउलट रेल्वेचे वेळापत्रक, जुनी नाणी, हिशेबातील एका रुपयाची तफावत अशा गोष्टींत तो तासन्‌तास न थकता रमतो आणि इतरांच्या नजरेतून सुटलेली चूक हटकून हेरतो.

आपल्या समाजरचनेने काही गोष्टी झाकल्या आहेत, तर काही अधिक कठीण केल्या आहेत. ठरवून केलेल्या विवाहात जोडीदार शोधण्याचा सामाजिक खटाटोप घरच्या मंडळींनी केलेला असतो. एकत्र कुटुंबात बाजारहाट, पाहुणचार आणि सरकारी कचेऱ्यांतील खेपा दुसरे कोणी सांभाळते. त्यामुळे अडचण उघडी पडत नाही. दुसरीकडे त्याच घरात एकांत मिळत नाही, दार लावून बसणे हा शिष्टाचारभंग ठरतो आणि नमस्कारापासून निरोपापर्यंतच्या अलिखित नियमांची संख्या मोठी असते.

या सर्वांना तोंड देण्यासाठी बुद्धिमान स्वमग्न व्यक्ती एक मुखवटा घडवते. ती इतरांचे हावभाव न्याहाळून त्यांची नक्कल करते, डोळ्यांत न पाहता भुवयांच्या मध्ये पाहायला शिकते, विनोदावर किती वेळ हसायचे हे मोजते आणि हात हलवण्याची ऊर्मी खिशात दाबून ठेवते. स्त्रियांमध्ये असा मुखवटा अधिक प्रमाणात आढळतो. मुलींकडून समाज लहानपणापासूनच मिळतेजुळते घेण्याची अपेक्षा करतो, हे त्याचे एक कारण असावे. एका स्त्रीमागे चार पुरुष हे प्रमाण पूर्वी प्रमाणभूत मानले जाई. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले असता ते तिनाच्या आसपास असल्याचे दिसले, आणि मुली निदानाविना राहून जातात, हा निष्कर्ष त्यातून निघाला. मुखवट्याने नोकरी टिकते, लग्न टिकते. परंतु त्याची किंमत मोजावी लागते. सतत मुखवटा वागवणाऱ्यांत चिंता, नैराश्य आणि आत्मघाताचे विचार अधिक आढळतात, असे गेल्या दशकातील संशोधन सांगते.

प्रौढांची एकूण संख्या किती असावी? इंग्लंडमध्ये घरोघरी जाऊन केलेल्या एका पाहणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. प्रौढांतील प्रमाण शंभरात सुमारे एक आढळले आणि वयोगटागणिक त्यात घट दिसली नाही. वृद्धांतही तेच प्रमाण होते; मात्र त्यांना ओळखले कोणीच नव्हते.

निदानाची रीत

रक्ततपासणीने किंवा मेंदूच्या छायाचित्राने स्वमग्नतेचे निदान होत नाही. ते वर्तनाच्या आणि जीवनकथेच्या अभ्यासाने होते. प्रथम बहुधा एखादी प्रश्नावली भरून घेतली जाते. केंब्रिज येथे २००१ साली तयार झालेली पन्नास प्रश्नांची यादी सर्वांत परिचित आहे. अशी प्रश्नावली फक्त दिशा दाखवते. निदान करीत नाही. तिच्यातील गुण जास्त आले म्हणून स्वमग्नता सिद्ध होत नाही आणि कमी आले म्हणून ती नाकारलीही जात नाही.

यानंतर प्रशिक्षित मनोविकारतज्ज्ञ अथवा चिकित्सक मानसशास्त्रज्ञ दीर्घ मुलाखत घेतात. बालपणाचा पुरावा येथे महत्त्वाचा असतो. आईवडील हयात असतील तर त्यांच्याशी बोलणे उपयुक्त ठरते. नसतील तर थोरले भाऊ, मावशी, आत्या यांच्या आठवणी आणि शाळेच्या प्रगतिपुस्तकांतील शेरे कामी येतात. ‘हुशार आहे, पण वर्गात मिसळत नाही’ हा शिक्षकांचा तीस वर्षांपूर्वीचा शेरा एखाद्या चाचणीइतका बोलका ठरू शकतो. नातेवाइकांच्या साक्षीत एक अडचण मात्र संभवते. कुटुंबात तेच गुणविशेष अनेकांत असले, तर ‘त्यात विशेष काय, आमच्याकडे सगळे असेच’ असे उत्तर मिळते.

अन्य शक्यताही तपासाव्या लागतात. समाजभय, विचार-कृती-अनिवार्यता, बालपणीच्या आघातांचे परिणाम, अवधानाची न्यूनता या अवस्था स्वमग्नतेसारख्या भासू शकतात आणि तिच्यासोबत असूही शकतात. अवधानन्यूनता आणि स्वमग्नता ही दोन निदाने एकाच व्यक्तीस देण्याची मुभा तर अमेरिकन पुस्तिकेने २०१३ सालीच दिली. म्हणून घाईने केलेले निदान आणि घाईने केलेला नकार, दोन्ही टाळले पाहिजेत. ‘तुम्ही तर माझ्या डोळ्यांत पाहून बोलता, नोकरी करता, तुमचे लग्न झाले आहे, मग तुम्ही स्वमग्न कसे?’ असे म्हणून कोणी बोळवण केली, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे सर्वस्वी योग्य होय.

वैद्यकीय निदान आणि अपंगत्वाचा दाखला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतात दाखल्यासाठी शासकीय वैद्यकीय मंडळ ‘भारतीय स्वमग्नता मापनश्रेणी’ वापरते. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झालेल्या या श्रेणीत चाळीस बाबी असून प्रत्येकीला एक ते पाच गुण दिले जातात. एकूण सत्तरच्या खाली गुण आल्यास स्वमग्नता मानली जात नाही. या श्रेणीच्या रचनेत लहान मुलांच्या निरीक्षणाचा प्रभाव ठळक आहे. सबब मुखवटा अंगवळणी पडलेल्या प्रौढाला पक्के निदान असूनही दाखला मिळणे कठीण जाऊ शकते. मंडळासमोर जाताना आपण एरवी जे झाकतो ते झाकू नये आणि एखादे काम करण्यासाठी किती श्रम पडतात ते स्पष्ट सांगावे.

निदानानंतर

निदानाने माणूस बदलत नाही. त्याच्या भूतकाळाचा अर्थ बदलतो. मैत्री का तुटली, पहिली नोकरी का सुटली, गर्दीत आपण का रडलो, या जुन्या प्रश्नांना एकाएकी उत्तरे मिळतात. पुष्कळांना मोठा दिलासा वाटतो. तथापि दिलाशामागोमाग शोकही येतो. हे वीस वर्षांपूर्वी कळले असते तर, हा विचार काही महिने पाठ सोडत नाही. काहींना आईवडिलांचा राग येतो; मग त्यांनाही ठाऊक असण्याचा मार्ग नव्हता, हे ध्यानात येते. या उलथापालथीच्या काळात कोणालाही तातडीने सांगण्याचे बंधन नाही. स्वतःला समजून घेण्यास सहा महिने लागले, तर ते विलंब नव्हेत.

स्वमग्नतेवर औषध नाही आणि ‘बरे करण्याची’ हमी देणाऱ्यांपासून दूर राहणेच श्रेयस्कर. सोबतची चिंता वा नैराश्य यांवर मात्र उपचार होतात आणि ते घ्यावेत. याखेरीज आपले जीवन आपल्या प्रकृतीला अनुरूप करून घेणे शक्य असते. गर्दीची वेळ टाळून प्रवास करणे, कानांत बोळे घालणे, समारंभाच्या दुसऱ्या दिवशी विश्रांती राखून ठेवणे, हे उपाय साधे आहेत. परंतु ते करताना वाटणारा अपराधीपणा निदानामुळे कमी होतो.

सांगावे की सांगू नये

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. सांगण्याच्या बाजूने पहिले कारण असे की, न सांगितल्याने लोकांची मते बनायची थांबत नाहीत. ते वागणुकीला काही ना काही नाव देतातच. खरे नाव दिले नाही, तर गर्व, तुसडेपणा, बेपर्वाई ही नावे त्याची जागा घेतात. अमेरिकेत नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्वमग्न व्यक्तींना काही सेकंदच पाहणाऱ्यांनी त्यांच्याविषयी प्रतिकूल ग्रह करून घेतला. पण त्याच व्यक्तींचे शब्द केवळ लिखित रूपात वाचले, तेव्हा तो ग्रह दिसला नाही. म्हणजे आक्षेप आशयाला नव्हता. स्वर, हावभाव आणि ढब यांना होता. पुढे २०१९ च्या अभ्यासात, निदान आधी सांगितल्यास ग्रह सौम्य होतो आणि पाहणाऱ्याला स्वमग्नतेची जितकी खरी माहिती असेल तितका तो अधिक सौम्य होतो, असे आढळले.

या निष्कर्षातच सावधगिरीचा इशाराही आहे. प्रकटीकरणाचा लाभ ऐकणाऱ्याच्या ज्ञानावर अवलंबून असतो. ज्याच्या मनात स्वमग्नता म्हणजे मतिमंदता किंवा वेड असे समीकरण पक्के आहे, त्याला सांगितल्याने मदत मिळण्याऐवजी कीव, अविश्वास किंवा बढतीतून वगळणे पदरी पडू शकते. शिवाय सांगितलेले परत घेता येत नाही. एका शाखेत सांगितलेली गोष्ट बदलीच्या गावी माणसाच्या आधी पोचते, हा अनुभव सरकारी नोकरांना नवा नाही.

संवादातील बिघाडाचा दोष एकाच बाजूला नसतो, हेही येथे लक्षात घ्यावे. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न आहेत. त्यांनी २०१२ साली असे मांडले की, स्वमग्न व्यक्तीला इतरांचे मन कळत नाही, तसेच इतरांनाही स्वमग्न व्यक्तीचे मन कळत नाही. समजुतीची उणीव दुहेरी आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला अशी माहिती पुढे पोचवायची होती. केवळ स्वमग्न व्यक्तींच्या साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच नीट पोचली; मिश्र साखळीत मात्र तिची गळती अधिक झाली. तेव्हा प्रकटीकरण म्हणजे अपराधाची कबुली नव्हे. दोन भिन्न रीतींच्या माणसांत दुभाष्याची सोय करण्याचा तो एक मार्ग होय.

कायदा काय देतो

१९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात सात प्रकारचे अपंगत्व नमूद होते. त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात तिचा प्रथम समावेश झाला. परंतु तो कायदा मुख्यतः पालकत्व आणि सांभाळ यांविषयीचा होता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने एकवीस प्रकार मान्य केले आणि त्यांत स्वमग्नता वर्णपट आला. चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी सरकारी आस्थापनांत चार टक्के जागा राखीव आहेत. त्यांपैकी एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, विशिष्ट अध्ययन-अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविध अपंगत्व यांना मिळून आहे.

या कायद्यातील ‘वाजवी सोय’ ही कल्पना प्रौढ नोकरदारासाठी आरक्षणाहूनही उपयोगी आहे. असमान बोजा न पडता करता येतील असे आवश्यक आणि योग्य फेरबदल, असा तिचा आशय आहे. तोंडी सूचनांऐवजी लेखी सूचना, दाराजवळची जागा सोडून कोपऱ्यातील शांत जागा, लुकलुकणारी नळी बदलणे, बैठकीची विषयपत्रिका आदल्या दिवशी मिळणे, अशा सोयींना खर्च जवळजवळ नसतोच. सरकारी आस्थापनेने अशी सोय पुरवलीच पाहिजे, असे कायदा सांगतो. प्रत्येक आस्थापनेने, खाजगी असली तरी, समान संधी धोरण जाहीर करावे, असेही बंधन आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतील लेखनिकाविषयीच्या खटल्यात स्पष्ट केले की, चाळीस टक्क्यांची अट आरक्षणासारख्या विशिष्ट लाभांपुरती आहे. वाजवी सोयीसाठी ती लावता येणार नाही. तो खटला स्वमग्नतेचा नव्हता. परंतु दाखल्याच्या उंबरठ्याशी अडलेल्या प्रौढांना त्यातील तत्त्व आधार देणारे आहे.

मात्र सोय मागायची, तर काहीतरी सांगावे लागते. कायद्याचे छत्र उघडण्यासाठी आधी पाऊस पडत असल्याचे कबूल करावे लागते. म्हणून मागणीपूर्वी आस्थापनेचे धोरण वाचावे, निदानाचा कागद हाती असावा आणि मागणी लेखी करून तिची पोच घ्यावी.

विवाह आणि घर

कचेरीत न सांगणे हा विवेक ठरू शकतो. विवाहापूर्वी न सांगणे हा निराळाच विषय आहे. ठरवून होणाऱ्या लग्नात पत्रिका, पगार आणि गोत्र यांची चौकशी होते. पण अशा गोष्टी लपवण्याचा सल्ला वडीलधारी मंडळी सद्भावनेने देतात. धाकट्या बहिणीचे लग्न अडेल, ही त्यांची भीती अगदीच निराधार नसते. तरीही ज्याच्यासोबत आयुष्य काढायचे त्याच्यासमोर रात्रंदिवस मुखवटा वागवणे कोणालाही शक्य होत नाही. कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. हिंदू विवाह अधिनियमानुसार महत्त्वाच्या वस्तुस्थितीविषयी फसवणूक करून संमती मिळवली असल्यास विवाह रद्द ठरवण्यासाठी दावा होऊ शकतो. निदान झालेले असेल, तर वधूवरांनी ते एकमेकांना, मध्यस्थांच्या गैरहजेरीत, सांगणे हेच हिताचे.

लग्नानंतर कित्येक वर्षांनी निदान झाले, तर चित्र वेगळे असते. जोडीदाराला सर्व लक्षणे आधीच ठाऊक असतात, केवळ कारण ठाऊक नसते. ‘मी रागावून खोलीत जात नाही, आवाज असह्य होतो म्हणून जाते’ हे एक वाक्य पंधरा वर्षांचा सल काढू शकते. आईवडिलांना सांगताना मात्र आरोपाचा सूर येऊ न देण्याची काळजी घ्यावी. त्यांच्या पिढीने ‘तुमच्या वळणाचा दोष’ हे वाक्य फार वेळा ऐकले आहे.

किती, कोणाला, केव्हा

सांगणे म्हणजे सगळ्यांना सर्व काही सांगणे, असे नव्हे. त्याच्या पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर निदानाचे नाव न घेता गरज तेवढी सांगता येते : ‘गोंगाटात मला ऐकलेले लक्षात राहत नाही, कृपया लिहून द्याल का?’ पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते. दुसऱ्या पायरीवर एका विश्वासू सहकाऱ्याला वा वरिष्ठाला नाव सांगावे. अधिकृतपणे सर्वांना कळवणे ही शेवटची पायरी होय. ती चढलीच पाहिजे असे नाही.

प्रत्येक पायरीवर स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हे सांगून मला नेमके काय हवे आहे? समोरची व्यक्ती ते देऊ शकते का? आणि ती वाईट वागली, तर माझे किती नुकसान होईल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘पोटापाण्यावर गदा येईल’ असे असेल, तर थांबण्यात भ्याडपणा नाही. नोकरीच्या मुलाखतीत, परिवीक्षेच्या काळात आणि भांडणाच्या ऐन भरात सांगणे सहसा टाळावे. याउलट कामाबद्दल गैरसमज वाढत जाऊन चौकशीची वेळ येण्याची चिन्हे दिसू लागली, तर उशीर न करणे बरे. आरोपपत्र हाती पडल्यावर सांगितलेले खरे कारणही सबब वाटते. सांगताना अडचणीबरोबर उपायही सांगावा आणि आपण कशात चांगले आहोत, हेही.

कॅनर यांच्या १९४३ च्या लेखातील पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिप्लेट पुढे मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या आपल्या छोट्या गावी बँकेत नोकरीला लागला. त्याने तेथे सहा दशकांहून अधिक काळ काम केले, मोटार चालवायला शिकला, गोल्फ खेळला, जगप्रवास केला आणि २०२३ साली एकोणनव्वदाव्या वर्षी त्याचे निधन झाले. कोणाला सांगावे, हा प्रश्न त्याच्यापुढे क्वचितच उभा राहिला असेल. कारण सारे गाव त्याला ओळखत होते आणि त्याच्या तऱ्हांसह त्याला आपला मानत होते. ती बँक त्याच्या आईच्या घराण्याशी निगडित होती, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. सर्वांच्या वाट्याला अशी बँक येत नाही. परंतु गावाचा स्वीकार पैशाने विकत मिळत नसतो; तो दीर्घ परिचयातून आलेला होता.

आरंभीच्या आपल्या भोपाळच्या अधिकारी स्त्रीने काय करावे, हे या पानांवरून ठरवता येणार नाही. कदाचित ती प्रथम पतीला सांगेल, नंतर शाखेतील एका मैत्रिणीला, आणि बँकेला कधीच सांगणार नाही. कदाचित लेखी सूचनांची मागणी एवढेच तिचे प्रकटीकरण असेल. पण मुलगा मोठा झाल्यावर ‘माझ्यासारखे घरात आणखी कोणी आहे का?’ असे विचारील, तेव्हा तिच्याजवळ उत्तर तयार असेल. तिच्या लहानपणी हे उत्तर देणारे कोणी नव्हते.